शेतकऱ्यांचा ग्रुप: व्हॉट्सअ‍ॅपवर की टेलिग्रामवर?

मृग तोंडावर आला की कोणी ना कोणी विचारतंच, भाऊ, गावातल्या शेतकऱ्यांचा ग्रुप काढायचा आहे, कशावर काढू? आमचा ग्रुप यवतमाळ जिल्ह्यातला, कापूस-तूर-सोयाबीनवाल्यांचा. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर होता, आता टेलिग्रामवर आहे. दोन्हीकडे ॲडमिन मीच, म्हणून हे लिहितो आहे.

सोयीचं म्हणाल तर व्हॉट्सअ‍ॅप पुढे, यात वाद नाही. साठीतले काकाजी टाइप करत नाहीत, पण वावरातूनच बोलून मेसेज पाठवतात, बोंडाचा फोटो टाकतात. त्यांना दुसरं ॲप घ्या म्हटलं की ‘फोनात जागा नाही’ हे पहिलं उत्तर. सदस्यांच्या मर्यादेवर डोकं लढवू नका. 1024 माणसं गावाच्या ग्रुपला पुरून उरतात, टेलिग्रामच्या दोन लाखांचं आपल्याला काय करायचं?

आमचं अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. व्हॉट्सअ‍ॅपवर नवा माणूस आला की आधीचं काहीच त्याला दिसत नसे. मग दर जूनला तेच प्रश्न. घरचं सोयाबीन पेरू का? ओल्या गोणपाटावर 100 दाणे ठेवा, 70 उगवले तर बिनधास्त पेरा, हे उत्तर किती खेपा लिहिलं गेलं असेल! जुनी मंडळी कंटाळायची. त्यांचा राग मला कळतो, त्यांनी एकदा मन लावून सांगितलेलं असायचं.

एका हंगामात एक ताई ग्रुपात आल्या. घरधनी गेल्यावर शेती त्यांच्या अंगावर पडली होती. त्यांनी पराटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, फुलाचा फोटो टाकला. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, फूल गुलाबकळीसारखं मिटलेलं. खाली लिहिलं होतं, ‘हे फूल उमलून का नाही राहिलं?’ ती डोमकळी होती, आत गुलाबी बोंडअळी. डोमकळ्या तोडून नष्ट करा, कामगंध सापळे (वासानं नर पतंग ओढून पकडणारे) लावा, सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग दिसले तर फवारणीचं पाहा, असं सगळं आठवडाभर आधीच फोटोंसह सांगून झालं होतं. उत्तर आलं, ‘ताई, वर पाहा ना.’ त्यांच्या फोनात वर काहीच नव्हतं. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण ताईंनी त्यानंतर ग्रुपात काही विचारलं नाही. माझा निर्णय तिथेच झाला.

टेलिग्रामवर नव्या सदस्याला जुनं सगळं वाचता येतं. फक्त ग्रुप खाजगी असेल तर जुने मेसेज नव्यांना दिसावेत ही सेटिंग पहिल्याच दिवशी चालू करा, पुढे ढकलू नका. आता कोणी डोमकळीबद्दल विचारलं की जुनी मंडळी त्या मेसेजची लिंक देतात, बास. विचारणाऱ्याला काकाजींच्या नावासकट पूर्ण माहिती मिळते, आणि आपलं सांगणं वाया गेलं नाही याचं काकाजींना समाधान. एक पथ्य मात्र पाळा: बोलून पाठवलेल्या मेसेजखाली दोन शब्द लिहायला सांगा, नाहीतर शोधताना तो सापडत नाही.

पिन केलेल्या मेसेजचंही तसंच. व्हॉट्सअ‍ॅपवर पिन जास्तीत जास्त 30 दिवस टिकते, फवारणी तर जुलैपासून दिवाळीपर्यंत चालते. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा, मनानं औषधं एकत्र न करणं, हा मेसेज कोणत्याही नव्या माणसाला सगळ्यात वर दिसलाच पाहिजे. टेलिग्रामवर तो आपण काढेपर्यंत राहतो.

बायांच्या दृष्टीनं आणखी एक. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ग्रुपात तो सगळ्यांना दिसतो, मग बियाणं-औषधवाल्यांचे फोन सुरू.

टेलिग्राममध्ये खोट नाही असं नाही. पैसे दुप्पट करून देणारे अनोळखी लोक तिथे फार घुसतात. लिंक चौकात फिरू देऊ नका, प्रत्येकाला ॲडमिननं पाहूनच आत घ्यावं. शिवाय काही जुने लोक आठ-आठ दिवस ॲप उघडतच नाहीत. म्हणून मयतीची, विजेच्या लाइनची, बाजारभावाची खबर आमच्याकडे अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवरच जाते.

तुमचा ग्रुप पंचवीस-तीस ओळखीच्या माणसांचा असेल आणि नवं कोणी येणार नसेल, तर व्हॉट्सअ‍ॅप सोडायचं कारण मला तरी दिसत नाही. पण दर हंगामाला नवी माणसं येणार असतील, पुण्याहून परतलेली पोरं, नव्यानं शेती पाहणाऱ्या ताई, तर माझ्या मते टेलिग्राम बरं. तुमच्या गावची तऱ्हा वेगळी असू शकते. हलवायचं ठरलंच तर आधी जुन्या चार-पाच जणांकडे संध्याकाळी घरी जा, त्यांच्या फोनातले जुने व्हिडिओ काढून जागा करा, ॲप टाकून द्या आणि पहिला मेसेज त्यांच्याच हातून पाठवा. ते आले की बाकीचे येतात.