दाळ मिलचा काटा आणि दर सहा आठवड्यांनी येणारा रस्टचा कंपायलर

निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना इथूनच परत जाता येईल. रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला अवघड आहे, आमच्या कामाच्या मानानं जरा जडही आहे, तरी पुढच्या हंगामात आम्ही तीच वापरणार आहोत. त्यामागं भाषेच्या सौंदर्याचा फारसा हात नाही. तिचा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं टूल, ज्या पद्धतीनं सांभाळला जातो, ती पद्धत आम्हाला पटली. भाषेची ओळख करून देणारं लिखाण ढिगानं सापडतं, म्हणून इथं फक्त या सांभाळण्याबद्दल लिहितो.

आमचं लातूरात सॉफ्टवेअरचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे दाळ मिलवाले, आडतदुकानदार, एखादा जिनिंगवाला. ट्रक काट्यावर चढला की इंडिकेटरकडून सिरियल पोर्टवर वजन येतं. ते वाचायचं, भरलेलं आणि रिकामं वजन जुळवायचं, कट्टे मोजून घालायचे, पावती छापायची. काम एवढंच, पण सोयाबीनच्या आवकेत रांग रस्त्यापर्यंत गेलेली असते आणि तेव्हा प्रोग्राम अडला तर मापाडी, हमाल, ड्रायव्हर सगळे तुमच्याच नावानं बोलतात.

जुना प्रोग्राम व्हीबी ६, म्हणजे व्हिज्युअल बेसिकमधला. त्याची तक्रार करायची सोय नाही, बिचारा वर्षानुवर्षं पळाला. पण व्हीबी ६ च्या डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंटचा आधार मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २००८ लाच थांबवला. त्यानंतर कंपायलरमध्ये काही खटकलं तर विचारायला कुणी नाही, आणि सोर्स उघडा नाही म्हणून आपणही हात घालू शकत नाही. नवीन काही निवडायचं तर ‘आज काय येतं’ यापेक्षा ‘दहा वर्षांनी याकडं कोण बघणार’ हा प्रश्न आम्ही आधी धरला.

सुरुवात केली रस्ट १.८५ पासून. ही आवृत्ती २० फेब्रुवारी २०२५ ला आली आणि तिच्यासोबत २०२४ एडिशन, म्हणजे भाषेच्या नियमांचा नवा संच, स्थिर झालं. आता १.९१ वर आहोत. मधल्या प्रत्येक आवृत्तीला रस्टअप (रस्टच्या आवृत्त्या आणणारं टूल) अपडेट मारलं आणि आमचा स्वतःचा कोड एकदाही त्यामुळं अडला नाही. नवे इशारे मात्र येत राहिले. १.८९ मध्ये लाइफटाइम (संदर्भ किती काळ वैध ते सांगणारी खूण) लिहिण्याच्या विसंगत पद्धतींवर नवीन लिंट, म्हणजे इशारा देणारी तपासणी, आलं आणि पिवळ्या ओळींनी स्क्रीन भरून गेली. इशारा म्हणजे चूक नव्हे, बिल्ड (कोडचा प्रोग्राम बांधणं) होतोच. फक्त ज्यांनी कोडच्या डोक्यावर ‘सगळे इशारे म्हणजे एररच’ असा नियम लिहून ठेवलाय, त्यांनी तो काढावा. तो नियम सीआयमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या तपासणीत, ठेवा, कोडमध्ये नको.

दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती ऐकून आमचा भागीदार आधी हबकलाच होता. म्हणे, दीड महिन्याला कोण पाणी बदलत बसणार? पण गाडी कशी चालते ते बघितलं की भीती जाते. रोज रात्री नाइटली निघते. त्यातून सहा आठवड्यांनी बीटा फुटते, आणि बीटा आणखी सहा आठवडे तपासून झाली की स्टेबल होते. एखादी सुविधा तयार नसेल तर ती पुढच्या गाडीत बसते, तिच्यासाठी गाडी थांबत नाही. १.० आलं १५ मे २०१५ ला, तेव्हापासून हे वेळापत्रक चालू आहे.

आणि तपासणी वरवरची नाही. कंपायलरमधला कुठलाही बदल मुख्य शाखेत माणूस थेट ढकलत नाही. एक बॉट तो बदल आधी जोडून बघतो, वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवर सगळ्या चाचण्या चालवतो, आणि त्या पास झाल्या तरच बदल आत जातो. मुख्य शाखेतला कोड कायम चाचण्या पास झालेलाच असावा, हा आग्रह रस्ट सुरू करणाऱ्या ग्रेडन होअर यांच्यापासूनचा. आत गेलेल्या बदलानं कंपायलर मंदावला की वेगवान झाला याचीही मोजणी होते, ती उघड्यावर असते, आणि आठवड्याला कुणीतरी बसून तिची छाननी करतं.

मला सगळ्यात आवडलं ते क्रेटर. क्रेट्स डॉट आयओ या रस्टच्या पॅकेज-कोठारातली सगळी पॅकेजं आणि गिटहबवर सापडणारे उघडे रस्ट प्रोजेक्ट नव्या कंपायलरनं बांधून बघायचे, आणि जुन्यानं बांधले जात होते पण नव्यानं जात नाहीत असे कोणते ते काढायचे. आपल्याकडं सोयाबीन पेरण्याआधी ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघतात, तोच प्रकार. फरक इतकाच, की इथं मूठभर नमुना न घेता जवळपास सगळं कोठारच ओलं करतात.

अर्थात उगवण बघूनही दुबार पेरणी येते, ते मराठवाड्यात सांगायला नको. १.८० चं उदाहरण घ्या, जुलै २०२४ चं. स्टँडर्ड लायब्ररीत एक छोटी भर पडली. आधी एका ठिकाणी डेटाचा प्रकार (टाइप) एकच संभवत होता म्हणून कंपायलर तो स्वतः ताडत असे. आता दोन संभवू लागले आणि ताडणं बंद झालं. त्यामुळं ‘टाइम’ नावाच्या फार वापरल्या जाणाऱ्या पॅकेजच्या ०.३.३५ च्या आधीच्या आवृत्त्या बांधल्याच जाईनात. क्रेटरमध्ये हे दिसलं होतं, दुरुस्त पॅकेजही निघालं होतं, तरीही ज्यांच्या लॉक फाइलमध्ये (पॅकेजांच्या आवृत्त्या पक्क्या करणारी फाइल) जुनं टाइम गोठलेलं होतं ते अडले. असा बदल रस्टच्या सुसंगतीच्या नियमात बसतो म्हणून लोकांना अडवायचं का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. माझं मत अडलेल्यांच्या बाजूचं आहे. दोन-तीन आवृत्त्या आधीपासून इशारा देता आला असता. जमेची बाजू म्हणजे पुढं कंपायलरच्या एरर संदेशातच लिहून येऊ लागलं, की हा गोंधळ टाइम पॅकेजचा आहे, ‘कार्गो अपडेट’ चालवा. (कार्गो म्हणजे रस्टचं पॅकेज आणि बिल्ड सांभाळणारं टूल.)

याच्या उलट उदाहरण २०२१ चं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. इन्क्रिमेंटल कंपायलेशन, म्हणजे बदललेला भागच परत बांधायची सोय. १.५२ मध्ये त्याची एक अंतर्गत पडताळणी चालू केली आणि आधीपासून दडलेले दोष वर आले. चार दिवसांत, १० मे २०२१ ला, १.५२.१ काढून त्यांनी ही सोय, मुद्दाम चालू केल्याशिवाय चालणार नाही अशी, बंदच केली. सगळ्यांचे बिल्ड मंदावले. दोष निस्तरून ती परत चालू झाली जुलैअखेरीस, १.५४ मध्ये. वेगाच्या जाहिराती करणाऱ्या जगात ‘थोडे दिवस हळू चाला, पण चुकीचा प्रोग्राम नको’ म्हणणारे लोक आहेत, हे कळल्यावर काट्याचं सॉफ्टवेअर त्यांच्या भरवशावर टाकायला हरकत वाटली नाही. काट्यावर एका क्विंटलचा फरक म्हणजे भांडण ठरलेलं.

एरर संदेशांचं कौतुक सगळेच करतात, त्यामुळं थोडक्यात. आमच्याकडं पॉलिटेक्निक करून आलेला पोरगा आहे, त्याला मी रस्ट शिकवलं असं म्हणता येणार नाही, कंपायलरनंच शिकवलं. ई०३८२ (हलवलेली व्हॅल्यू परत वापरल्याचा एरर) आला की व्हॅल्यू कुठं हलवली, नंतर कुठं वापरली, हे दोन्ही ओळींवर बोट ठेवून दाखवतो आणि बहुतेक वेळा उपायही सुचवतो. हे संदेशसुद्धा गोठलेले नाहीत, दर आवृत्तीत कुणीतरी त्यांना घासत असतं. मात्र सगळं इंग्रजीत. २०२२ मध्ये कंपायलरचे संदेश भाषांतर करता येतील अशी रचना करण्यासाठी मदतीची हाक दिली गेली होती, पण स्थिर आवृत्तीत मराठी संदेश आजही मिळत नाहीत. आमचा पोरगा संदेश वाचण्यापेक्षा बाण कुठं आहेत ते बघतो, त्याचं भागतं.

देवनागरीचा विषय निघालाच आहे तर, १.५३ पासून व्हेरिएबलची नावं देवनागरीत देता येतात. ‘वजन’, ‘कट्टे’ अशी नावं देऊन बघितली, व्यवस्थित चालतात. पण दर शब्दाला कीबोर्ड बदलत बसावं लागतं, म्हणून सोडून दिलं. खरी काळजी घ्यायची ती स्ट्रिंग तोडताना. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, आणि मधोमध तोडलं तर प्रोग्राम पॅनिक होतो, म्हणजे तिथंच कोसळतो. शिवाय रुंदी ठरवून छापताना मात्राही वेगळी मोजली जाते. ‘सोयाबीन’ आपल्याला चार अक्षरं दिसतात, रस्टला सात. पावतीवरचे रकाने म्हणून वाकडे येतात. हा दोष कंपायलरचा नाही, पण मराठीत पावती छापणाऱ्याला हे कुणी आधी सांगत नाही.

आता वेग. कोड लिहिणं उबुंटूच्या लॅपटॉपवर, शेवटचा बिल्ड विंडोजवर, असा आमचा शिरस्ता. उबुंटूवर १.९० नं खरा फरक पडला. सप्टेंबर २०२५ च्या या आवृत्तीपासून ६४-बिट लिनक्सवर एलएलडी हा लिंकर (बांधलेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा) आपोआप वापरला जातो. रस्टवाल्यांनी फायलींत मजकूर शोधणाऱ्या रिपग्रेप या प्रोग्रामवर दिलेलं मोजमाप असं, की छोटा बदल करून परत बांधताना लिंकिंग सातपट वेगवान आणि एकूण वेळ ४० टक्के कमी. आमचा प्रोजेक्ट त्याहून लहान आहे, तरी एक ओळ बदलून चालवून बघण्यातली ती चिडचिड गेली. सेटिंगमध्ये काही करावं लागलं नाही, अपडेट केलं आणि झालं. विंडोजवर यातलं काही नाही. तिथं पहिला पूर्ण बिल्ड लावला की आजही उठून चहा घेऊन यावं.

जागा मात्र खातो. बिल्डच्या फायलींचं टार्गेट फोल्डर फुगत जातं आणि कार्गो क्लीन हाच उपाय. १.८८ पासून कार्गो स्वतःची जुनी डाउनलोड साफ करतो: नेटवरून आणलेलं तीन महिने कुणी विचारलं नाही तर काढून टाकतो. टार्गेटला मात्र तो हात लावत नाही. आणि आठ जीबीच्या लॅपटॉपवर रस्ट ॲनालायझर (एडिटरमध्ये कोड तपासणारं टूल) आणि ब्राउझर एकत्र चालवायचा हट्ट धरू नका.

ज्यांच्याकडं नेट आणि लाइट दोन्हीचा भरवसा नाही, म्हणजे आपल्यातले बरेच, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. रस्टअप टाकताना मिनिमल प्रोफाइल निवडा. ऑफलाइन डॉक्युमेंटेशनच्या हजारो बारक्या फायली टळतात. आणि कार्गो व्हेंडर करून सगळी पॅकेजं प्रोजेक्टमध्येच आणून ठेवा, मग नेट नसलं तरी बिल्ड होतो. मिलवर जाऊन दुरुस्ती करायची वेळ आली तर मोबाइलचं हॉटस्पॉट पुरवत बसावं लागत नाही.

राहिला विंडोज ७. आमच्या गिऱ्हाइकांतल्या कित्येकांच्या काट्याच्या खोलीत तोच आहे. धूळ, उकाडा, आणि त्यात पीसी निवांत चालू. एका मिलच्या मुनीमजींना नवीन मशीन घ्या म्हटलं तर म्हणाले, “सर, जुनं चालतंय की. काहून बदलायचं?” त्यांचंही खरं. रस्टनं मे २०२४ मध्ये १.७८ पासून विंडोजची किमान अट १० केली. त्यापुढच्या कंपायलरनं केलेली एक्झी विंडोज ७ वर टाकली की बीक्रिप्टप्रिमिटिव्ह्ज डीएलएलमध्ये प्रोसेसपीआरएनजी सापडत नाही असा डबा येतो आणि विषय संपतो. विंडोज ७ साठी वेगळं टार्गेट, म्हणजे त्या सिस्टीमसाठी बिल्ड करायची सोय, अजून आहे, पण ते तिसऱ्या टियरचं. म्हणजे तयार लायब्ररी मिळत नाही, नाइटली घेऊन स्टँडर्ड लायब्ररी स्वतः बांधायची, आणि त्याच्या चाचण्या प्रकल्पाकडून होत नाहीत.

आम्ही जुन्या मशीनसाठी १.७७.२ धरून ठेवलं. ही आवृत्ती बरी, कारण एप्रिल २०२४ मध्ये विंडोजच्या बॅच फायलींना आर्ग्युमेंट देताना सापडलेली सुरक्षेची फट तिच्यात बऱ्याच अंशी बुजवलेली आहे. टूलचेन फाइलमध्ये आवृत्तीचं नाव लिहिलं की रस्टअप तीच वापरतो. अडचण पॅकेजांची, ती पुढं पळतात. १.८४ पासून नव्या कार्गोला ‘आमचा कंपायलर इतका जुना आहे’ असं सांगितलं तर तो त्याला चालणाऱ्या आवृत्त्या निवडतो, त्यामुळं निभतं. पण वजन वाचणारा भाग २०२१ एडिशनमध्येच ठेवावा लागला, कारण २०२४ ला १.८५ लागतो. दोन एडिशनचे क्रेट (पॅकेजं) एकाच प्रोग्राममध्ये बिनबोभाट नांदतात, ही व्यवस्था मात्र दाद देण्यासारखी आहे.

विंडोज ७ सोडण्याच्या या निर्णयावर मी रागावलो का? नाही. तो जाहीर करून, कारणासकट घेतलेला आहे, आणि ज्या सिस्टीमचा आधार तिच्या मालकानंच सोडला तिला मोफत काम करणाऱ्यांनी किती दिवस ओढायचं? रस्ट फाउंडेशन फेब्रुवारी २०२१ पासून आहे, मोठ्या कंपन्या सभासद आहेत, काही लोक पगारावर हे काम करतात. तरी कंपायलरचा मोठा भाग अजूनही वेळ काढून काम करणाऱ्यांवर उभा आहे. दोषांची यादी उघडी आहे, त्यातल्या हजारो नोंदी प्रलंबित आहेत, आणि आपली नोंद कधी बघितली जाईल याची खात्री कुणी देत नाही. पैसे देऊन घेतलेल्या टूलकडून जी अपेक्षा ठेवाल ती इथं ठेवू नका. पैसे दिलेल्यांकडूनही ती पुरी होते असं नाही, ते सोडा.

सध्या नव्या कोटेशनमध्ये आम्ही एक ओळ घालायला सुरुवात केली आहे: मशीनवर विंडोज कोणता, आणि तो कधी बदलणार. कारण विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रस्टची किमान अट आजही १० च आहे. ती ११ होईल त्या आवृत्तीचा क्रमांक मला माहीत नाही, पण होईल तेव्हा मुनीमजींना काय सांगायचं ते आतापासून ठरवतोय.