पितळी १८५१ नेव्ही : आठ महिने, एक पाचर आणि पुसलेलं नाव

परवा माझ्या पितळी १८५१ नेव्ही रिव्हॉल्व्हरच्या हँडची स्प्रिंग तुटली, तेव्हा ठरवलं की आता लिहूनच टाकायचं. घोडा मागे ओढला की सिलिंडरला एक घर (दारू-गोळी भरायचं भोक) पुढे ढकलतं ते बोट म्हणजे हँड, आणि त्याच्या पाठीला ही पातळशी पट्टी असते. आठ डॉलरची वस्तू. मागवली, बसेना. दुसऱ्या कारखान्याची मागवली, तीही बसेना. सुटे भाग विकणाऱ्याचा फोनवर एकच प्रश्न, "मेक कुठला?" आणि माझ्याकडे नेमकं तेच नाही.

ही मार्चमध्ये ओहायोतल्या एका गन शोमध्ये घेतली. टेबलावर चिठ्ठी होती, 'अँटिक, यादवी युद्धाचा काळ', म्हणजे अमेरिकेचं १८६१ ते ६५ चं युद्ध. विकणारा चारशे सांगत होता, घासाघीस करून ३४० वर आणला आणि त्या आनंदात डोळे मिटले. गंमत म्हणजे तो शब्दशः खोटं बोलला नाही. १९६८ च्या संघीय कायद्यात केप-दारूच्या नव्या प्रतिकृतीलाही अँटिकच म्हणतात, म्हणूनच तर ती बहुतेक राज्यांत कागदपत्रांशिवाय मिळते. 'काळ' हा शब्द मात्र त्याच्या पदरचा.

खरं तर हातात घेतल्याबरोबर कळायला हवं होतं. मूळ अमेरिकन कारखानदार कोल्टने १८५१ नेव्ही .३६ कॅलिबरमध्येच (नळीच्या भोकाचं माप, इंचात) केली. १८५० ते १८७३ या काळात त्याच्या एकट्या हार्टफर्डच्या कारखान्यात दोन लाखांवर झाल्या. .४४ चं सिलिंडर त्या फ्रेमवर बसावं म्हणून पुढचा भाग जाड ठेवून मागे पायरी पाडायची युक्ती आली ती १८६० च्या आर्मीत, आणि तिची नळी गोल. माझ्या हातात होती अष्टकोनी नळी, पायरीचं .४४ सिलिंडर आणि वर पितळी फ्रेम. पितळ वापरलं दक्षिणेकडच्या ग्रिसवोल्ड अँड गनिसनसारख्यांनी, लोखंडाच्या टंचाईपायी, तेही .३६ मध्येच. म्हणजे हे त्रांगडं १८६१ साली कुणाच्याच कमरेला नव्हतं. सिलिंडरवर टेक्सासच्या आरमाराची १८४३ ची लढाई कोरलेली पाहून मी भाळलो होतो, पण ते चित्र प्रतिकृतींवरही सर्रास असतं.

घरी येऊन पाचर ठोकून काढली, नळी उतरवली. बाजूचं सगळं लिखाण कुणीतरी बफ मारून पुसलेलं, वर आम्लाने गंज चढवून 'जुनी' केलेली. पण ठासणीच्या दांड्याखाली बफचं चाक पोचत नाही. तिथे टॉर्च मारला तर चांदणी, खाली पीएन, म्हणजे पोल्व्हेरे नेरा, काळी दारू. आणि शेजारी बारीक चौकटीत 'एडी'. इटलीतल्या गार्दोनेच्या बंदूक-चाचणीघराची वर्षखूण आहे ती. १९७५ ला एए, तिथून एकेक अक्षर पुढे, मधली काही अक्षरं गाळून. त्याआधी रोमन आकडे. म्हणजे १९७८. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान! बारीक अक्षरांत घोळ होऊ शकतो (एआय आणि एएल, म्हणजे १९८२ आणि ८३, भिंगाशिवाय सारखेच दिसतात), पण हे स्वच्छ होतं.

जूनपर्यंत मी हिला एकच तारा देणार होतो, तो पाचरीपायी. फ्रेममधून येणारी खुंटी नळीच्या भोकात शिरते आणि आडवी पाचर दोघांना बांधते, एवढाच या पिस्तुलाचा संसार. माझी पाचर दहा बारांत ढिली व्हायची. जरा जोरात ठोकली की नळी मागे सरकून सिलिंडर जाम. खिशात लाकडी हातोडी घेऊन रेंजवर जाणारा मी एकटाच. कुडाळला तात्यांना व्हिडिओवर दाखवली. त्यांनी शेतात डुकरं हाकायला ठासणीची बंदूक वापरून आयुष्य काढलंय. त्यांनी पाचरीकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "पितळ बार सोसतला काय रे?"

दोन्ही गोष्टी एकच निघाल्या. खुंटी आखूड होती, भोकाच्या तळाला टेकतच नव्हती, म्हणून प्रत्येक बाराला नळी हिसका खायची आणि तो हिसका पितळ गिळायचं. भोकाच्या तळाशी दोन स्टीलचे वॉशर टाकले, कानसून बेताचे केले. खर्च सत्तर सेंट. तेव्हापासून पाचर अंगठ्याने बसते आणि हातोडी घरी राहते. दारूही तीस ग्रेनवरून वीसवर आणली. पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या ताटलीत बसतात, फक्त नेम वीतभर खाली धरायचा. एक तारा मागे घेतो, साडेतीन.

किमतीचं मात्र बदललेलं नाही. सिलिंडरच्या मागच्या दातांचा ठसा फ्रेमच्या पितळात उमटलाय, नाण्यावरच्या छापासारखा. आधीच्या मालकाने घरं काठोकाठ भरली असणार. हा ठसा पाहायचा असेल तर नळी आणि सिलिंडर उतरवायला सांगा. विकणारा टाळायला लागला तर समजा. नवी कोरी पितळी नेव्ही पावणेतीनशेच्या आसपास मिळते. ठसा, बफ, नकली गंज आणि पुसलेलं नाव वजा करून माझ्या हिशेबाने ही दीडशेची. उलट १९७१ ते ८२ च्या कोल्टच्या दुसऱ्या पिढीतल्या नेव्ही पाहा. त्यांचेही मूळ कच्चे भाग इटलीतून, उबेर्ती नावाच्या कारखान्याकडून आलेले, पण वर कोल्टचं नाव, इटालियन चाचणीच्या खुणा नाहीत, आणि डब्यासकट असेल तर माझ्यासारख्या पाच-सहा येतील. जिथे नावालाच एवढे पैसे, तिथे या बाबाने नावच घासून काढलं! जुनी दिसावी म्हणून पुसलं आणि त्यापायी मला आठ डॉलरची पट्टी मिळेना.

शेवटी रविवारी बायकोच्या केसांचा आकडा घेतला, एक पाय कापला, पक्कडीने बाक दिला आणि हँडच्या खाचेत दाबून बसवला. साठ बार झाले, सिलिंडर घराघरावर टक्कन थांबतंय. आकड्यांचं पाकीट दोन डॉलरला, आत साठ. ती म्हणते, उरलेले एकोणसाठ मोजून ठेवलेत.