‘कॅटमधलं केमिकल संपलंय, मॅडम’ : माझे २९,७०० रुपये असे गेले

हे लिहू की नको, यात तीन आठवडे गेले. लाज वाटत होती. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, एकोणीस वर्षं झाली, आणि गाडीच्या गॅरेजवाल्याने मला फसवलं ते माझ्याच विषयातलं एक चुकीचं वाक्य बोलून. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. इथे सांगते : २९,७०० रुपये. जास्तीचं जळलेलं पेट्रोल वेगळं.

गाडी २०१३ची, पेट्रोल हॅचबॅक, ९४,००० किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव देत नाही, कारण दोष गाडीचा नाही. कॉलेज घरापासून २४ किलोमीटर, म्हणजे रोजचे ४८. अ‍ॅव्हरेज मी वहीत लिहिते. नेहमीचा एकच पंप, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, किलोमीटर भागिले लिटर. साडेपंधरा ठरलेलं. ऑगस्टमध्ये तेरा आलं, मग अकरा, सप्टेंबरअखेर ९.४. महिन्याला अकराशे किलोमीटर धरले तर ४६ लिटर जास्त, १०४ रुपयांनी जवळपास ४,८०० रुपये. तेव्हा ‘मॅडमना उगाच वाटलं असेल’ असं कोणी म्हणू नये. वही आहे माझ्याकडे.

बाकीची लक्षणंही होती. सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी, बोट लावलं की काळं. पार्किंगच्या भिंतीवर काळा डाग. मागे उभं राहिलं की कच्च्या पेट्रोलचा वास. आणि सकाळी गाडी गार असताना बॉनेटखालून टिक-टिक-टिक असा आवाज, गाडी तापली की बराच कमी व्हायचा. इंजिनचा पिवळा दिवाही लागला. यातलं प्रत्येक लक्षण मी गॅरेजवाल्याला सांगितलं होतं. तो आवाजसुद्धा. त्याने एकदाही गाडी गार असताना बॉनेट उघडलं नाही.

पीयूसी १४ नोव्हेंबरला संपणार होतं, म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच तपासणीला गेले. कार्बन मोनॉक्साइड २.१ टक्के. भारत स्टेज ४च्या (धुराच्या सरकारी निकषाच्या) पेट्रोल गाडीला मर्यादा ०.३ आहे. केंद्रावरचा माणूस म्हणाला, “तीनशे जास्त द्या, नळी न घालता पास करून देतो.” मी नाही म्हटलं. ते मी आजही बरोबरच केलं असं मानते. पण नाही म्हटल्यावर त्याने खिशातून एक कार्ड काढून दिलं, “मग यांच्याकडे जा, करून देतील.” धुराचा आकडा दाखवणारा माणूसच गॅरेजचं कार्ड देतोय, हे तेव्हा खटकलं नाही. तुम्हाला खटकू द्या.

पहिल्या फेरीत छोटं काम. इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी क्लीनिंग ३,२०० रुपये, ‘डीकार्ब’, म्हणजे इंजिनमधली काजळी काढणं, २,८०० रुपये. अ‍ॅव्हरेज ९.४ वरून ९.६. पुढे काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. सहा हजार घालून झालेले असतात, त्यामुळे माणूस गॅरेज बदलत नाही.

दुसऱ्या फेरीला, १८ ऑक्टोबरला, त्याने गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. ती पाच मिनिटं रोज रात्री डोळ्यासमोर येतात. स्क्रीनवर दोन ओळी होत्या. दोन. मी स्वतः पाहिल्या. वरची पी०१७१, खालची पी०४२०. त्याने अंगठ्याने वरची ओळ सरकवली आणि खालचीवर बोट ठेवलं, “हे बघा, कॅट गेलाय.” मी विचारलं, “वरचं काय होतं?” “तो जुना कोड आहे मॅडम, असाच राहतो.” माझा फोन माझ्या हातात होता. शोधायला एक मिनिट लागलं असतं. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. आणि सायलेन्सर ओरडून सांगत होता की पेट्रोल जास्त आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला कोणीतरी फसवत असल्याशिवाय. पीयूसीचा २.१चा कागद पर्समध्ये होता. हे शोधायला मेकॅनिक असावं लागत नाही, कागद आणि स्क्रीन शेजारी ठेवली असती तरी दिसलं असतं.

मग त्याने ते वाक्य टाकलं. “कॅटमधलं केमिकल संपलंय, मॅडम. आपल्या इकडच्या पेट्रोलवर आठ-दहा वर्षांत संपतंच.”

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या नळीतला, इंजिनचा विषारी धूर कमी करणारा जाळीचा डबा. कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरक. उत्प्रेरक अभिक्रियेत खर्ची पडत नाही, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. संपतंय काय? पण मी काय केलं सांगू? उत्प्रेरकाला विषबाधा होऊ शकते, शिसं, गंधक, ऑइलची राख यांचा थर बसून तो निकामी होऊ शकतो, हे मला माहीत होतं. म्हणून मी मनात म्हटलं, याला तेच म्हणायचं असेल, बिचाऱ्याला शब्द माहीत नाहीत. त्याचं खोटं मीच दुरुस्त करून घेतलं आणि मग त्यावर विश्वास ठेवला. त्याला फार काही करावंच लागलं नाही.

“चोक झालाय पूर्ण,” असंही तो म्हणाला. मी म्हटलं, पिकअप तर ठीक आहे, चार दिवसांपूर्वी खंबाटकी तिसऱ्या गिअरमध्ये आरामात चढली. “आता हळूहळू बसेल पिकअप.” खरोखर चोक झालेला कॅट धूर बाहेर जाऊ देत नाही, इंजिन गुदमरतं, आरपीएम वर चढतच नाही. घाट चढणाऱ्या गाडीचा कॅट पूर्ण चोक असू शकत नाही. माझ्याच तोंडून पुरावा बाहेर पडला होता आणि मी त्याचं उत्तर ऐकून गप्प बसले.

माझी बाजूही ऐका. गुरुवारी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, गाडी बुधवारी संध्याकाळी हवीच होती. तीन दिवस तो “उद्या साहेबांना पाठवा” म्हणत होता. साहेबांना न पाठवता मी स्वतः निर्णय घेऊ शकते हे दाखवायची ईर्ष्याही असेल. बाई म्हणून फसले असं म्हणणाऱ्यांना सांगते, त्याच गॅरेजमध्ये नंतर दोन पुरुष भेटले, एकाचे १४,००० गेलेत आणि एकाचे २२,५००.

बिल असं : कॅट १८,५००, मागचा ऑक्सिजन सेन्सर ३,४००, लेबर १,८००. एकूण २३,७००. साध्या चिठ्ठीवर, ना गाडीचा नंबर ना शिक्का. “पक्कं हवं तर जीएसटी लागेल.” १५,००० यूपीआयने, तेही गॅरेजच्या नव्हे, कुणा व्यक्तीच्या नावावर. ८,७०० रोख. पक्कं बिल घ्या. जीएसटी भरा. ते पैसे वाचत नाहीत, तो पुरावा जातो.

जुना कॅट मागितला, तर “स्क्रॅपवाला घेऊन गेला, सकाळीच.” त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं. हे मी शिकवते. ती वस्तू माझी होती, माझ्या पैशाने घेतलेली, आणि ती विकून आलेले पैसेही त्याचेच झाले. काम सांगतानाच, पैसे ठरायच्या आधी म्हणा : काढलेला प्रत्येक भाग डिकीत ठेवायचा. न ठेवणाऱ्याकडे काम देऊ नका.

दिवा विझला, गाडीचा आवाज मात्र घोगरा झाला. आठ दिवसांनी दिवा परत आला. अ‍ॅव्हरेज ९.८. फोन केला तर “नवीन कॅट सेट व्हायला वेळ लागतो.” त्यानंतर फोन उचलणं बंद.

आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी एसटी स्टँडमागच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेलं. ते म्हणाले, “ताई, गाडी रात्री इथंच ठेवा. मला ती गार पाहिजे.” सकाळी सातला त्यांनी गाडी सुरू केली, ओला फडका सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर दाबला, आणि इंजिनपाशी फुस्स असा आवाज आला. उष्णता अडवणारा पत्रा काढला तर मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनचा धूर गोळा करणारी नळी, जिथे इंजिनला बसतो तिथे काळी रेघ. एक नट गायब, सांधा बंद ठेवणारं गॅस्केट जळालेलं.

त्यांनी समजावलं ते असं. एक्झॉस्ट ठोक्याठोक्याने बाहेर पडतो. दोन ठोक्यांच्या मध्ये त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर तिथेच खाली बसलेला. त्याला ऑक्सिजन दिसतो, त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, तरी हवा येतच राहते, अजून वाढवतो. म्हणून कोड ‘पेट्रोल कमी’ आणि धूर काळा. वरची ओळ जुनी नव्हती. तीच खरा आजार सांगत होती. खालची, कॅटची, बहुधा त्यामागून आलेली. सकाळचा टिक-टिक म्हणजे तीच फट.

गॅस्केट २८०, स्टड आणि नट १२०, मजुरी ९००. १,३०० रुपये. पक्क्या बिलावर. पुढची टाकी १५.२.

मग त्यांनी गाडी वर घेतली आणि ‘नव्या’ कॅटवर पाना वाजवला. पोकळ डब्याचा आवाज. मागचा सेन्सर काढला, बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. जाळी नाहीच. रिकामा डबा. ३,४०० रुपयांचा ‘नवा’ सेन्सर तर माझा जुनाच होता, वायरवरची घासल्याची खूण तीच. त्याच्याखाली एक स्पेसर ठोकलेला, सेन्सर धुरापासून लांब राहावा आणि दिवा लागू नये म्हणून.

तिथून पोलीस ठाण्यात गेले. कागद, वही, फोटो, यूपीआयची नोंद सगळं घेऊन. दीड तास बसवलं. “मॅडम, ही दिवाणी बाब आहे, गाडी तुम्हीच स्वतः दिली ना त्याला?” गाडीतली वस्तू काढून विकली, रिकामा डबा नवा म्हणून विकला, ही दिवाणी बाब? अर्ज तरी घ्या म्हटलं, पोच द्या म्हटलं. “साहेब आले की देतील.” तीन वेळा गेले, तिन्ही वेळा साहेब बंदोबस्तात. चौथ्यांदा पोच मिळाली, त्यावर आवक क्रमांक नाही. परिवहन कार्यालयात गेले, कारण प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणाच गाडीतून काढली गेली होती. खिडकीवरचे म्हणाले, गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. मग पीयूसी केंद्र तर आहे ना, तो नळी न घालता तीनशेत पास करतो? “लेखी द्या.” लेखी दिलं. “पुरावा जोडा.” लाच मागितल्याची पावती कोण देतं? आणि हीच गाडी रस्त्यावर धूर सोडताना सापडली तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत आहे, तुरुंगवासाचीही तरतूद आहे. तो कोणाला? मला. कॅट विकणाऱ्याला कोणी विचारणार नाही, डबा बसवणाऱ्याला कोणी विचारणार नाही, विचारतील मला, जिने तीनशे रुपये द्यायला नकार दिला तिला. एका तक्रार पोर्टलवर लिहिलं, सहाव्या दिवशी ‘तक्रार निकाली’ असा संदेश. कोणी निकाली काढली, काय ठरलं, एक ओळ नाही.

शेवटी गॅरेजला नोटीस पाठवली आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांची मुदत असते. साध्या चिठ्ठीवर गाडीचा नंबर नाही म्हणून काम माझ्याच गाडीचं होतं हे मलाच सिद्ध करावं लागणार आहे. यूपीआयची नोंद आणि काम चालू असताना मी सहज काढलेला एक फोटो, एवढ्यावर सगळं उभं आहे. फोटो काढत जा. गाडी सोडताना खालून, घेताना खालून. स्कॅनरच्या स्क्रीनचा पूर्ण, कोड पुसायच्या आधी. आणि एक ब्लूटूथ स्कॅनर विकत घ्या, माझा ८५० रुपयांना आला. आधी घेतला असता तर.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये खऱ्या कॅटची किंमत विचारली : ३४,२०० रुपये, बसवण्यासकट. सध्या तेवढे नाहीत. दुरुस्तीनंतर पीयूसीला गेले तर २.१ चा ०.६ झाला होता, पण जाळीच नाही म्हटल्यावर ०.३ कुठून येणार? केंद्रावर तोच माणूस होता. त्याने मला ओळखलं, आणि परत विचारलं, “तीनशेत करून देऊ का?”

गाडी घरी आणून उभी केली. आता ६.४०च्या एसटीने कॉलेजला जाते.