सर्बियन कोलोचा नवशिक्यांसाठीचा वर्ग: शिकवणं नेटकं, संगीताची घाई

बेलग्रेडमधल्या या वर्गात 'उ शेस्त' हा कोलोचा, म्हणजे हात धरून रांगेत करायच्या सर्बियन लोकनृत्याचा, प्रकार अगदी नीट शिकवतात. 2/4 तालातली आठ मापं, म्हणजे दर मापात दोन ठोके. उजवीकडे दोन पावलं, मग तीन-तीन छोट्या पावलांचे तीन गट: उजवा-डावा-उजवा, डावा-उजवा-डावा, पुन्हा उजवा-डावा-उजवा. त्यानंतर तेच सगळं डावीकडे.

गडबड होते ती चौथ्या मापाच्या शेवटी. भार पूर्णपणे उजव्या पायावर आला नाही, तर डावा मोकळा होत नाही आणि दिशा बदलताना पूर्ण रांग अडखळते. इथे आधी टाळ्यांवर, नुसता भार बदलायचा सराव घेतात. हे फार मोलाचं आहे! पावलं वीतभरच, टाचा हलक्या, गुडघे सैल. लांब ढांग टाकली की शेजाऱ्याचा हात ओढला जातो. हात खाली सैल धरायचे, त्यांवर लटकायचं नाही.

उणीव एकच: अकॉर्डियनची लय फार लवकर वाढवतात. संथ लयीत आणखी एक तास हवा होता. टाचेचे बूट टाळा, पातळ लवचिक तळव्याचे घाला. आणि रांगेत शिरायचं ते डाव्या टोकाला; उजवीकडे कोलोवोजा, म्हणजे म्होरक्या, असतो. त्याच्या पुढे जाऊन त्याचा हात धरू नका.