‘स्वच्छ’ची घरोघरची सेवा : बादलीमागचे मनुष्यबळ

सकाळी आमच्या इमारतीचा जिना चढून येणाऱ्या ताई बादली रिकामी करण्याआधी तिच्यात एकदा नजर टाकतात आणि ओल्या कचऱ्यात दुधाची पिशवी दिसली, तर ती दोन बोटांनी उचलून, झटकून वेगळ्या पोत्यात टाकतात. पुण्यातील ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या सेवेबद्दल लिहायचे, तर त्या पिशवीपासूनच सुरुवात करावी लागते. कारण भंगारात विकल्या जाणाऱ्या मालाचे पैसे त्या ताईंच्याच हाती पडतात.

कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, तिच्यातूनच ‘स्वच्छ’ निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन घरोघरी कचरा गोळा करण्याचे काम तिच्याकडे आले. पूर्वी कचराकुंड्या धुंडाळून पोट भरणाऱ्या बायकांना येथे कोणी नोकरीवर ठेवले नाही. त्या संस्थेच्या सभासद झाल्या. टनामागे पैसे घेणाऱ्या ठेकेदाराला मिसळलेला, ओलाचिंब, जड कचरा परवडतो, येथे मात्र कचरा जितका नीट वेगळा होईल तितकी बाईची मिळकत वाढते आणि डेपोकडे जाणारा ढीग तितकाच कमी होतो. मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या वर्गात याला काही भारदस्त नाव असेल. आमच्या जिन्यावर ते रोज फुकट पाहायला मिळते.

सेवा नियमित आहे, बोलणे-वागणे सौजन्याचे आहे. व्यवस्थेतील कच्चा दुवा मासिक शुल्काचा. ते घरोघर मागावे लागते आणि एखाद्या घराने बुडवले, तर थेट ताईंचीच कमाई बुडते. आमच्याच मजल्यावर ‘पुढच्या महिन्यात एकदम देतो’ म्हणणारी दोन सुखवस्तू घरे आहेत. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, म्हणजे ते हाताने उघडून पाहावे लागणार नाही, अशी साधी विनंती संस्थेने केली होती. आमच्या सूचना फलकावर ती लावली गेली, पण ठिपका काढणारी घरे बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. या सेवेला गुण देताना आम्हा ग्राहकांचे गुण आधी कापावे लागतील.

शुल्क प्रत्येक घराकडून न घेता सोसायटीच्या देखभाल खर्चातूनच द्यावे, असा प्रस्ताव मी गेल्या सभेत मांडला. त्यावर तासभर चर्चा झाली आणि विषय पुढील सभेवर ढकलण्यात आला.