गाजर, मुळा, बीट लावत असाल तर बचत गटाचं नाडेप खत घ्याच

आमच्या बाजूच्या गावातल्या बायांच्या बचत गटाचं नाडेप खत यंदा गाजर अन् बीटच्या वरंब्यात टाकलं, लय समाधान वाटलं म्हणून लिहितो. खत चाळलेलं, भुरभुरीत, काळं, मूठभर हातात घेतलं का मातीचा वास येते, शेणाचा नाही. कंदाच्या भाजीसाठी हेच पायजे, कारण कच्चं शेणखत पडलं का गाजराला फाटे फुटतात, वरून हुमणी (मुळं खाणारी अळी) अन् तणाचं बी येते ते वेगळंच.

नाडेप म्हणजे आपल्या पुसदच्या पांढरीपांडे काकांची पद्धत, विटांचं १० बाय ६ बाय ३ फुटांचं टाकं, हवेसाठी भिंतीत भोकं, त्यात काडीकचरा, शेणकाला अन् मातीचे थर, तीन-चार महिन्यात खत तयार. शेण थोडंच लागते म्हणून ज्याच्याकडं आता जनावरं उरली नाही त्यालाही परवडते.

पण निव्वळ याच्यावर गाजर पोसत नाही हे स्पष्ट सांगतो. यात नत्र (नायट्रोजन) एक टक्क्याच्या आसपास, म्हणून मी याच्यासोबत सुपर फॉस्फेट (१६ टक्के स्फुरद म्हणजे फॉस्फरस, गंधक वेगळं) अन् थोडं पोटॅश (पालाश) देतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद लवकर बांधून जाते, तेच सुपर आधी या खतात कालवून पेरायच्या वेळी ओळीखाली दिलं तर पिकाला जास्त पोचते. पोटॅशनं कंद भरते. युरिया मात्र जपून, विरळणी-निंदण झाल्यावर एकच हलका हप्ता, नाहीतर वर पाल्याचा डोंगर अन् खाली शेपटीएवढं गाजर. नाडेप अन् रासायनिक दोन्ही सोबत दिल्यानं वरंबा मोकळा राहिला, गाजर सरळ अन् सोटासारखं निघालं, उपटताना तुटलं नाही, अन् संक्रांतीच्या आधीच्या बाजारात निवडानिवड न करता गेलं. रासायनिक खताला शिव्या देणारे अन् शेणखताला हसणारे दोघंही मले पटत नाही.

आता तक्रार. पोत्यावर नत्र-स्फुरद-पालाश किती ते छापलेलंच नाही, मंग रासायनिक खत किती कमी करायचं ते कास्तकारानं अंदाजानंच ठरवायचं का? एकदा लॅबमधून तपासून चिठ्ठी लावा ना ताई, भाव थोडा वाढला तरी लोकं घेतील. काही पोत्यात प्लॅस्टिकच्या पन्नीचे तुकडे निघाले, अन् ओलं खत भरलं का वजनात पाणीच विकत घेतल्यासारखं होते. पोचवून देत नाहीत, बंडी आपलीच न्यावी लागते.

पाचपैकी चार. ऑक्टोबरात पेरायचं असेल तर टाकं भरायच्या वेळीच, जून-जुलैतच सांगून ठेवा, दिवाळीच्या तोंडावर गेलं का शिल्लक राहत नाही.