मेडिकल आणि मेयोतली एचआयव्ही तपासणी : साठीच्या माणसाला कितपत उपयोगी?

नागपुरात एचआयव्हीची तपासणी करायची तर आम्ही मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) किंवा मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) इथलं आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र सुचवतो. तपासणीला पैसे लागत नाहीत. पण आमच्या शिफारशीचं खरं कारण तिथली पद्धत आहे.

पहिल्या किटवर रक्त निगेटिव्ह आलं की रिपोर्ट निगेटिव्ह. रिअॅक्टिव्ह आलं, म्हणजे लागण असू शकते असं दिसलं, तर आणखी दोन वेगळ्या किटवर तपासतात आणि तिन्ही रिअॅक्टिव्ह असतील तरच पॉझिटिव्ह लिहून देतात. तिन्हींचं जुळलं नाही आणि निष्कर्ष अनिश्चित राहिला तर साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. मोतीबिंदूच्या किंवा गुडघ्याच्या ऑपरेशनआधी बाहेरच्या लॅबमध्ये एकाच चाचणीवर 'रिअॅक्टिव्ह' शेरा मिळाला म्हणून धसका घेतलेल्या काका-काकूंनी हे नीट लक्षात घ्यावं. तो शेरा पक्का नसतो, त्याची खातरजमा आयसीटीसीतच करून घ्यावी.

उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. सकाळी ओपीडीच्या वेळेत जा. एप्रिल-मेमध्ये तर दुपारची वेळ टाळाच. आधी समुपदेशक बोलतात, मग लेखी संमती, मग रक्त. रिपोर्टही समुपदेशकच समजावून देतात, घाई करू नका. संशयास्पद संबंधाला 3 महिने झाले नसतील तर निगेटिव्ह रिपोर्टवर थांबू नये. शरीरात विषाणूविरुद्धची अँटीबॉडी (चाचणीत तीच दिसते) तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून 3 महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासावं.

इथवर सेवेला पूर्ण गुण. ज्येष्ठांकडे लक्ष देण्याला मात्र आम्ही निम्मेच देऊ. ही सगळी यंत्रणा गरोदर बाया, ट्रकचालक, तरुण मुलं यांना समोर ठेवून उभी राहिली. पासष्टीच्या माणसाला वजन उतरलं, थकवा जात नाही, विसरायला होतं असं सांगितल्यावर शुगर, थायरॉइड, फार तर कॅन्सर तपासला जातो. एचआयव्हीचं नाव कुणी काढत नाही, कारण आजोबांना असं विचारायचं कसं! संकोच डॉक्टरांनाही असतो आणि घरच्यांनाही. त्यात उशीर होतो, आणि उतारवयात सीडी4 पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) लवकर घटतात, औषधं सुरू केल्यावर सावकाश वाढतात. म्हणून परत परत होणारी नागीण, तोंडात पांढरा थर, न थांबणारे जुलाब किंवा टीबी असेल तर वय काहीही असो, तुम्हीच म्हणा, 'माझी एचआयव्ही तपासणीही करा.'

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट कुणी उघडपणे सांगत नाही. पाळी गेली की दिवस जाण्याची भीती संपते आणि निरोध सुटतो. पण त्याच वयात योनीची त्वचा पातळ व कोरडी होते, सहज खरचटते आणि विषाणूला वाट मिळते. समुपदेशकासमोर हे बोलायला लाजू नका; हवं तर बाई समुपदेशक आहेत का विचारा.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात पाठवतात. सीडी4 कितीही असो, उपचार मोफत सुरू होतात. बहुतेकांना टीएलडी मिळते : टेनोफोविर 300, लॅमिव्हुडिन 300 आणि डोल्युटेग्रॅविर 50 मिलिग्रॅम, रोज एकच गोळी. तरण्या माणसाला ही साधी वाटते, पण ज्येष्ठांच्या पिशवीत आधीच बीपी, शुगर, गुडघे आणि अॅसिडिटीच्या गोळ्या असतात आणि गोंधळ तिथेच होतो. डोल्युटेग्रॅविरमुळे रक्तातलं मेटफॉर्मिन (शुगरचं औषध) वाढतं, त्यामुळे मेटफॉर्मिनचा दिवसाचा डोस सहसा 1000 मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमचं अँटासिड घेत असाल तर टीएलडी त्याच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यावी, नाहीतर औषध अंगी लागत नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या जेवणासोबत टीएलडीबरोबर चालतात, उपाशीपोटी नाही. टेनोफोविरचा ताण किडनीवर येऊ शकतो, म्हणून क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का हे सांगणारी रक्तचाचणी) तपासून घ्या आणि सांधेदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनाने खाऊ नका. पहिल्या भेटीला सुरू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं सोबत न्या, आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी टेबलावर मांडा.

औषध सुरू झाल्यावर साधारण 6 महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासतात. तो मोजता येणार नाही इतका खाली गेला आणि तसाच टिकला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. एका ताटात जेवणं, नातवंडाला कडेवर घेणं, एकच संडास वापरणं यातून तर ती कधीच होत नाही. आजीचं ताट वेगळं काढणारी घरं अजून आहेत, आणि तो शुद्ध अन्याय आहे.

राहिली गुप्ततेची भीती. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट मुला-सुनेलाही सांगता येत नाही. सोबत आलेल्या मुलाला बाहेर बसवून एकट्यानेच बोलायचं असेल तर समुपदेशकाला आत गेल्या गेल्या सांगा. जोडीदाराला कसं सांगायचं यासाठीही ते मदत करतात. जाण्याआधी काही विचारायचं असेल तर 1097 ही राष्ट्रीय हेल्पलाइन टोल फ्री आहे.